डेकखालचा स्कंक: आधी तारीख बघा, मग जाळी आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला नवं घर घेतलंय, मागच्या डेकखाली, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याखाली, स्कंक (मांजराएवढा काळा-पांढरा, उग्र वासाचा फवारा मारणारा प्राणी) राहतोय आणि दोनतीनदा रात्री घरभर वास शिरलाय. घरात लॅब्रडॉर आहे. मेअखेर पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. तुमच्या यजमानांनी डेकखाली डांबराच्या गोळ्या टाकून पाहिल्या, काही फरक पडला नाही. शेजारचे गृहस्थ म्हणतात, पिंजरा लावा आणि लांब रानात सोडून या. आणि तुम्ही विचारताय की आई-बाबा यायच्या आत याला कायमचा घालवायचा कसा.

मी बॉस्टन ते वूस्टर या पट्ट्यात डेक, पोर्च आणि शेड बांधण्या-दुरुस्तीची कामं करतो. स्कंक, ग्राउंडहॉग, पोसम यांना डेकखालून बाहेर ठेवणं हा त्याच धंद्याचा भाग. डेक बांधणाऱ्याने खालची बाजू उघडी सोडली की दोनचार वर्षांत असा फोन येणार हे ठरलेलं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे स्कंकला घालवावं लागतच नाही. तो रोज अंधार पडला की आपल्या पायांनी बाहेर पडतो आणि पहाटे परततो. शिवाय एकाच बिळाला तो फार धरून नसतो. त्याच्या चार जागा ठरलेल्या असतात आणि त्यांतली एक तुमच्या डेकखाली आहे. म्हणजे तुम्हाला दोनच गोष्टी बघायच्या आहेत: तो बाहेर असताना वाट कशी बंद करायची, आणि बंद करताना आत कोणी राहिलेलं नाही याची खात्री कशी करायची. पहिली जाळीने आणि फावड्याने होते. दुसरी कॅलेंडरवर अवलंबून आहे, आणि लोक नेमके तिथेच चुकतात.

इकडच्या स्कंकचं वर्ष साधारण असं असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत थंडी कडक असली की तो बिळात पडून राहतो, कधीकधी अनेक दिवस. एका बिळात बऱ्याच माद्याही एकत्र असतात. फेब्रुवारी-मार्च हा जोडी जमवायचा काळ. त्या दिवसांत नर भटकतात, नकोशा नराला मादी फवारा मारते, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या रात्री कुत्रा घरात झोपलेला असतानाही सगळ्या गल्लीत वास सुटतो तो यामुळे. पिल्लं होतात मे ते जूनच्या सुरुवातीला, बहुधा चार ते सहा. तीन आठवड्यांनी डोळे उघडतात. सहा-सात आठवड्यांची झाली की आईच्या मागे रांगेने रात्री बाहेर पडायला लागतात. म्हणजे मध्य मे ते मध्य जुलै या काळात आई बाहेर गेली म्हणून भोक बुजवलंत तर आत न चालणारी पिल्लं अडकतात. ती मरतात, आणि बाहेर राहिलेली आई पिल्लांपर्यंत पोचण्यासाठी डेकची कडा उकरत बसते. जुलैच्या उन्हात डेकखाली मेलेल्या पिल्लांचा वास हा फवाऱ्याच्या वासापेक्षा वाईट असतो, आणि तो काढायला फळ्या उचकटाव्या लागतात.

तुम्ही एप्रिलच्या मध्यावर विचारलंय. म्हणजे तुमच्या हातात साधारण दोन आठवडे आहेत. डेकखाली नर असेल तर काहीच प्रश्न नाही. गाभण मादी असेल तरी एप्रिल संपायच्या आत तिला बाहेर ठेवलंत तर ती दुसरी जागा शोधते, तेवढा वेळ तिच्याकडे असतो. मे उजाडला आणि काम झालं नसेल तर मात्र जाळीला हात लावू नका, सरळ ऑगस्टपर्यंत थांबा. आई-बाबा आले तरी थांबा. त्या काळात काय करायचं तेही पुढे सांगतो.

आता, तिथे खरंच स्कंक आहे का? वास आला म्हणजे बीळ त्याचंच असं नाही, जाता जाता कोणावर फवारून गेला असेल. उलट शांतपणे राहणाऱ्या स्कंकच्या बिळाला फारसा वास नसतोही. भोक मोजा. चार ते सहा इंचांचं असेल तर स्कंक शक्य आहे. आठ-दहा इंच आणि बाहेर मातीचा मोठा ढीग असेल तर मुळात ते ग्राउंडहॉगने खणलेलं आहे, पण त्यात आता स्कंक राहत असू शकतो, कारण आयतं बीळ मिळालं तर तो स्वतः कशाला खणेल? कडेला अडकलेले काळे-पांढरे लांब केस दिसले तर शंकाच नको. आसपास विष्ठा दिसली तर काडीने फोडून बघा, आत भुंग्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे असतात.

मग संध्याकाळी भोकाच्या तोंडाशी रांगोळी भुरभुरवा, दोन फूट रुंद, पातळ थर. इथले लोक पीठ वापरतात, पण पीठ खायला मुंग्या, उंदीर, सगळेच येतात. रांगोळी कोणी खात नाही, आणि ठसा स्वच्छ उठतो. स्कंकच्या पायाला पाच बोटं असतात आणि पुढच्या पायाच्या ठशात बोटांच्या बऱ्याच पुढे नखांचे ठिपके उमटतात, कारण ती नखं उकरायची असतात. मांजराच्या ठशात चार बोटं आणि नखं नाहीत. ठसे बाहेर जाणारे आहेत की आत येणारे, दोन्ही आहेत का, हे बघा. पाऊस असेल तर दुसरी युक्ती: वर्तमानपत्राचा सैल बोळा भोकात अडकवा. सकाळी बोळा बाहेर ढकललेला असेल तर आत राहणारा आहे. सलग तीन उबदार रात्री बोळा जसाच्या तसा असेल तर बीळ रिकामं आहे. ही परीक्षा जानेवारीत करू नका, तेव्हा तो आत असूनही आठवडाभर हलत नाही.

समजा ठसे मिळाले, एप्रिल चालू आहे. आता काम.

खणायच्या आधी ८११ ला फोन करा. फुकट आहे, आणि कायद्याने बंधनकारकही. ते लोक येऊन गॅस, वीज, पाण्याच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून जातात. यात काही दिवस जातात, म्हणून आजच करा. फूटभर तर खणायचंय, त्याला काय एवढं, असं म्हणून केबल तोडणारे मी पाहिलेत.

जाळी आणताना कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी आणू नका, ती दोन हिवाळ्यांत गंजते. 'हार्डवेअर क्लॉथ' मागा: जस्त चढवलेली, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, ३६ इंच रुंद. त्यातली १२ इंच डेकच्या कडेला वर येते, १२ इंच जमिनीत उभी जाते, आणि उरलेली १२ इंच तळाशी काटकोनात बाहेरच्या बाजूला, म्हणजे हिरवळीच्या दिशेने, आडवी पसरते. त्यावर माती. ही आडवी पट्टीच सगळं काम करते. प्राणी नेहमी कडेला खेटून उकरतो, खाली जाळी लागली की दोन इंच डावी-उजवीकडे उकरून बघतो, पुन्हा जाळी लागते आणि कंटाळून जातो. फूटभर मागे सरकून तिथून बोगदा काढावा हे त्याला सुचत नाही. नुसती उभी जाळी पुरली तर तो तिच्याखालून शिरतो. डेकचं लाकूड प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाने औषध मुरवलेलं असणार, त्या औषधातलं तांबं साधे खिळे आणि स्टेपल खाऊन टाकतं. म्हणून स्क्रू आणि वॉशर जाड जस्ताचे किंवा स्टेनलेसचे घ्या. पायऱ्यांखालची पोकळी विसरू नका. चारी बाजू व्यवस्थित बंद आणि पायऱ्यांखाली हात जाईल एवढी फट, असे डेक मी इतके पाहिलेत की आता आधी तिथेच बॅटरी मारतो.

सगळी कडा बंद झाली की त्याच्या नेहमीच्या वाटेवर एकच तोंड उघडं ठेवा आणि तिथे एकेरी दार लावा. तयार मिळतं, घरीही होतं: जाळीचाच एक तुकडा, भोकापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठा, वरच्या कडेला बिजागरीसारखा टांगलेला, खालची कड बाहेरच्या जमिनीवर टेकलेली. आतून नाकाने ढकललं की उघडतं, बाहेरून ढकललं की चौकटीवर दाबलं जातं. रकून हे दार हाताने उचलेल, स्कंकला ते जमत नाही. पहिल्या दोन रात्री दार दोरीने वर बांधून ठेवा, त्याला सवय होऊ द्या. मग सोडा. आत आणि बाहेर रांगोळी टाका. आतल्या रांगोळीवर सलग तीन-चार रात्री ठसा नाही, हवाही बरी होती, म्हणजे आत कोणी नाही. मग ते तोंडही कायमचं बंद करा.

यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. दार सोडल्यावर पहाटे कोणी बाहेरून जिवाच्या आकांताने एकाच जागी उकरतंय असं दिसलं, तर आत पिल्लं आहेत. लगेच दार वर बांधा आणि ऑगस्टपर्यंत विषय बंद. तारखा ढोबळ असतात, एखादी मादी लवकर वितेही.

काम व्हायच्या आत मे लागला तर काय करायचं? पिल्लांच्या आईला जागा नकोशी करता येते. रात्रभर डेकखाली दिवा आणि दिवसा, ती झोपलेली असताना, रेडिओवर बोलण्याचा कार्यक्रम लावून ठेवा. काही माद्या दोनतीन रात्रींत पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे नेतात. काही ढिम्म हलत नाहीत. खात्री मी देत नाही, पण नुकसान काही नाही. अमोनियात भिजवलेली फडकी टाकायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. न चालणाऱ्या पिल्लांना त्या वाफेतून सुटता येत नाही आणि तुमच्या आई-बाबांना डेकवर बसता येणार नाही.

डांबराच्या गोळ्या मात्र आजच हातमोजे घालून गोळा करा. मोकळ्या हवेत त्यांचा स्कंकवर परिणाम होत नाही हे तुम्ही पाहिलंच. त्या कीटकनाशक म्हणून विकल्या जातात, आणि डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा वेगळ्या प्रकारे वापरणं अमेरिकेत कायद्याविरुद्ध आहे. वर तुमचा लॅब्रडॉर दिसेल ते गिळणाऱ्यांपैकी असेल तर पशुवैद्याकडे धावावं लागेल. त्यात नॅफ्थलीन असेल आणि घरात कोणाला जी६पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या एंझाइमची जन्मजात कमतरता असेल तर त्या माणसाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. भारतीय वंशाच्या घरांत ही कमतरता अगदी दुर्मीळ नाही.

आता शेजाऱ्यांचा पिंजरा. मॅसॅच्युसेट्समध्ये जंगली प्राणी पकडून दुसऱ्या जागी सोडणं बेकायदा आहे. परवानाधारक माणसालाही ते करता येत नाही. पकडलेला प्राणी त्याच आवारात सोडायचा, नाहीतर मारायचा. त्यामुळे कोणी कंत्राटदार "आम्ही लांब रानात सोडतो" असं सांगत असेल तर तो एकतर कायदा मोडतोय किंवा तुमच्याशी खोटं बोलतोय. हा नियम उगाच नाही. १९७०च्या दशकात शिकारीसाठी आग्नेयेकडचे रकून व्हर्जिनियाच्या बाजूला नेऊन सोडले गेले आणि त्यांच्याबरोबर रकूनचा रेबीजही गेला, असं मानलं जातं. तिथून तो वर सरकत १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्सला पोचला. स्कंकलाही तोच रेबीज होतो. आणि समजा कायदा बाजूला ठेवला, तरी डेकखालची जागा तशीच उघडी. महिन्याभरात दुसरा येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

रेबीजचं निघालंच आहे तर: दिवसाउजेडी स्कंक दिसला म्हणून तो पिसाळलेला असं समजू नका, जून-जुलैत पिल्लांची आई भुकेने दिवसाही फिरते. पण तो झोकांड्या खात असेल, मागचे पाय ओढत असेल किंवा अंगावर येत असेल तर घरात या आणि गावाच्या अ‍ॅनिमल कंट्रोल ऑफिसरला फोन करा. चावला किंवा ओरखडलं तर साबण-पाण्याने जखम भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्याची रेबीजची लस चालू आहे ना, तेवढं आज कागद काढून बघा.

जाळी लावूनही अंगणात तो येत राहील, कारण तो येतो खायला. हिरवळीत शंकूच्या आकाराची दोन-तीन इंची भोकं दिसत असतील तर तो भुंग्यांच्या अळ्या काढून खातोय. त्यातला मोठा वाटा जपानी भुंग्याचा, जो १९१६ मध्ये न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडला. ऑगस्टअखेर ओल्या जमिनीत सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) सोडले तर अळ्या कमी होतात. मी स्वतः मात्र चार भोकांसाठी हिरवळीवर औषध मारणार नाही. स्कंक गांधीलमाश्यांची जमिनीतली पोळीही उकरून खातो, ती मदत मला मोलाची वाटते. बाकी पक्ष्यांचं बी रात्री उचला, ग्रिलखालचं तेलाचं ताट पुसा, कुत्र्याची वाटी आत घ्या. आणि आई-बाबांना सांगून ठेवा: उरलेला भात, पोळीचा तुकडा चिमण्यांना म्हणून डेकच्या कठड्यावर ठेवायचा नाही. निदान संध्याकाळी तरी नाही. हे सांगणं जाळी लावण्यापेक्षा अवघड असतं याची मला कल्पना आहे.

त्यांना स्कंक कसा दिसतो तेही दाखवा. भारतात हा प्राणीच नाही, त्यामुळे संधिप्रकाशात मांजर समजून च्यक् च्यक् करत जवळ जाणारे पाहुणे असतात. त्याची नजर अधू असते, तुम्ही बऱ्याच जवळ येईपर्यंत त्याला दिसत नाही. पण फवारायच्या आधी तो इशारा देतो: पुढचे पाय जमिनीवर आपटतो, शेपूट उभारतो, मग अंग वळवून तोंड आणि मागची बाजू दोन्ही तुमच्याकडे करतो. पाय आपटायला लागला की हळू आवाजात बोलत मागे सरका. दहा फुटांपर्यंत त्याचा नेम चांगला असतो. फवारा त्यालाही परवडत नाही, साठा संपला तर भरून यायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून उगाच तो वाया घालवत नाही. कुत्र्यांना हा इशारा कळत नाही. रात्री लॅब्रडॉरला सोडण्याआधी डेकचा दिवा लावा, दार दोनदा वाजवा, मिनिटभर थांबा आणि पट्ट्यानेच न्या.

तरी फवारा बसलाच तर टोमॅटोचा रस विसरा. त्याने वास जात नाही, आपल्या नाकाला सवय होते एवढंच. तो वास गंधकयुक्त थायॉल संयुगांचा असतो आणि त्यांचं ऑक्सिडीकरण झालं तरच तो मरतो. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाची १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली कृती आजही सगळ्यांत चांगली: एक क्वार्ट, म्हणजे साधारण ९५० मिली, तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा, एक-दोन चमचे भांड्यांचा द्रव साबण. बेकिंग पावडर नव्हे, सोडाच. कुत्र्याला घरात न घेता, आधी पाणी न मारता, हे ताजं मिश्रण डोळे सांभाळून अंगभर चोळा, पाच मिनिटं ठेवा, धुवा. उरलेलं बाटलीत भरून झाकण लावू नका. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते. केस थोडे फिके पडू शकतात. पुढे पावसात भिजला की पुन्हा मंद वास येईल, कारण फवाऱ्यात थायोअ‍ॅसिटेटही असतात आणि ओल लागली की त्यांचे हळूहळू थायॉल होतात. त्यात काळजीचं काही नाही, पुन्हा एकदा धुवा.

घराला तळघराच्या खिडक्यांचे खड्डे असतील तर त्यांवर झाकणं बसवा. स्कंक त्यात पडतो आणि त्याला चढता येत नाही. पडलेला दिसला तर खडबडीत फळी तिरकी सोडा आणि सगळे आत जा, रात्रीत तो निघून जातो.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर राज्याचा 'प्रॉब्लेम अ‍ॅनिमल कंट्रोल' परवाना असलेला माणूस बोलवा आणि फोनवरच दोन प्रश्न विचारा: जाळी किती खोल आणि बाहेर किती वळवणार, आणि मे ते जुलैत काम करता का? दुसऱ्या प्रश्नावर "करतो की, काही अडचण नाही" असं बिनदिक्कत उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. आणि या एप्रिलात जमलं नाही तर ऑगस्ट-सप्टेंबर ठरवून टाका. डिसेंबरात जमीन गोठली की चर खणता येत नाही, आणि तोवर हिवाळा काढायला तो तुमच्या डेकखाली परत आलेला असतो.